मूळ पुरुषाचा कागद

आमच्या घरात अमेरिका आली ती एका निळ्या फायलीतून. माझे काका, मधुकाका, तरुणपणी बोटीवर नोकरीला लागले आणि पुढे तिकडेच उतरून राहिले. तिथे त्यांनी रूथ नावाच्या शाळामास्तरणीशी लग्न केलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ते तिला घेऊन पहिल्यांदा पेणला आले. काका आठ दिवस राहिले, रोज खाडीतला जिताडा मासा खाल्ला, सगळ्यांच्या पाया पडले आणि नोकरी आहे म्हणून परत गेले. रूथकाकी मात्र आणखी पाच आठवडे थांबली. तिच्या दोन बॅगांतल्या एकीत कपडे होते, दुसरीत ती फाईल आणि कागदच कागद. मी त्या वर्षी पेणच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात इंग्रजी बोलता येणारी मी एकटीच, त्यामुळे ती मुक्कामाला असेपर्यंत मी तिची जीभ झाले.

आमचं बिऱ्हाड पेणमध्ये तीन खोल्यांचं. भिंतीपलीकडे गणपतीचा कारखाना होता, त्यामुळे वर्षाचे बारा महिने पॉलिशपेपरची खसखस ऐकू यायची आणि खिडकीच्या गजांवर पांढरी भुकटी बसायची. आई दुपारी शेजारणींबरोबर पोह्यांचे पापड लाटायची. रूथकाकी पहिल्याच दिवशी तिच्या पंक्तीत बसली. तिचा पापड प्रत्येक वेळी एका बाजूने ताणला जायचा आणि आई तो मुकाट्याने गोळा करून पुन्हा लाटायची. आई तिला ‘रुताबाय’ म्हणे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी सारख्या बोलत असत. आई मराठीत विचारी, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि मी मध्ये पडले की दोघीही माझ्याकडे असं बघत की मीच काहीतरी अडथळा आणते आहे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते रोह्याला एका कंपनीत होते, पाळीने शिफ्ट असायची. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी अशी आठवड्याआठवड्याने झोप बदलत गेल्यामुळे असेल, पण त्यांना चैन म्हणून नसे. एका रविवारी त्यांच्यासमोर रूथकाकीने फाईल उघडली आणि फरशीवर एक कागद पसरला. तो एवढा लांब होता की दाराबाहेर ओटीवर गेला. अगदी वर एका चौकटीत नाव होतं, नॅथॅनिएल. अमेरिकेच्या किनाऱ्यावर इंग्रज नुकतेच येऊन राहू लागले होते, तेव्हा जहाजातून उतरलेल्यांपैकी हा एक. जंगल तोडून त्याने शेत केलं, आणि तिथून खाली एकेक पिढी उतरत बाराव्या ओळीत रूथकाकीचं नाव होतं. त्यासाठी ती सुट्ट्या पडल्या की गावोगावची चर्चं, कबरस्तानं आणि कचेऱ्या पालथ्या घालत फिरली होती.

दादा कागदाच्या कडेने उकिडवे बसून एकेक नाव बोटाने मोजत गेले. “बारा पिढ्या? नावासकट?” त्यांनी मला विचारलं. मग रूथकाकीने विचारलं, “आणि तुमच्या?”

आता आमच्या घराला या बाबतीत एक जुना ताठा होता, तो सांगायला हवा. आमचं मूळ गाव पेणच्या खारेपाटात, खाडीकाठी. तिथली सगळी भातशेती समुद्राकडून हिसकावून घेतलेली. बांध घालायचा, खारं पाणी अडवायचं, पावसाने जमीन धुऊन निघाली की भात लावायचं. असा पहिला बांध जो घाली त्याला त्या काळी शिलोत्री म्हणत. आमच्या गावचा शिलोत्री जोमा, आणि आम्ही त्या जोमाचे वंशज. दरवर्षी माघी पुनवेला गाव बांधाची पूजा करतं. खाडीचं पाणी सोडण्याची जी उघाडी आहे, तिथे पहिला नारळ फोडायचा मान आमच्या घराचा. मला लहानपणापासून याचा फार अभिमान. कॉलेजात पेणच्या मुली आम्हाला ‘खारातल्या’ म्हणून नाक मुरडत. आमच्या कपड्यांना चिखलाचा वास येतो, आम्ही हेल काढून बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना एकदा ऐकवलं होतं की तुम्ही भाड्याच्या घरात राहता, आमच्या पूर्वजाने जमीन निर्माण केली. आम्हीही भाड्याच्याच घरात राहत होतो ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

तर दादांनी नावं मोजली. त्यांच्यामागे गोमा, हाशा, धर्मा, राघो आणि वर जोमा. पाच. बारासमोर पाच. दादांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कोणी घरी येऊन आपल्या पानात कमी वाढलंय हे दाखवून द्यावं तसं काहीतरी.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गावी गेलो. तिथल्या घरी माझी वेणूआत्या एकटी राहायची. दादांपेक्षा मोठी, नवरा लवकर गेलेला, तोंडाने फटकळ. तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि चिंबोऱ्यांचा रस्सा केला होता. रूथकाकीला चिंबोरीची नांगी फोडता येईना, तर आत्याने तिच्या हातातून घेऊन दाताने फोडून दिली. जेवणं झाल्यावर दादांनी देव्हाऱ्यामागची पत्र्याची नळी मागितली. तिच्यात जोमाचे दोन कागद होते. दर दसऱ्याला ते बाहेर काढून त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि परत आत घालायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. अक्षर मोडी होतं. घरात कोणाला ते वाचता येत नव्हतं आणि वाचावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

“वाचून काय करनार?” आत्या म्हणाली. “जोमाचा कागद हाय हे ठाव हाय ना?”

“त्याच्या बापाचा नाव असंल त्याच्यान. आज्याचा असंल,” दादा म्हणाले. गावात गेलं की त्यांची भाषा लगेच गावची होई.

“नि नसला तर?”

दादांनी नळी पिशवीत घातली.

कंपनीतल्या एका माणसाने रोह्यापलीकडच्या अष्टमी गावातल्या एका गुरुजींचं नाव सुचवलं. शाळेतून निवृत्त झालेले आणि मोडी घडाघडा वाचणारे. दादांची सुट्टी बघून आम्ही तिघं सकाळच्या एसटीने रोह्याला उतरलो आणि पूल ओलांडून अष्टमीला गेलो. कुंडलिका नदीला भरती होती. रूथकाकी पुलाच्या कठड्याशी थांबून पाणी उलटं वाहताना बघत राहिली, आणि दादा चार पावलं पुढे जाऊन परत मागे येत होते, पुन्हा पुढे जात होते. “चला ना,” ते मला म्हणाले, “तिला सांग, पाणी परतीच्या वेळी बघू.”

गुरुजींच्या ओसरीवर वाल वाळत घातले होते. ते बाजूला सारून त्यांनी आम्हाला बसवलं, चष्मा पुसला आणि पहिला कागद उघडला. तो जोमाला मिळालेला परवानाच होता. अमुक खाडीपासून अमुक टेकाडापर्यंत बांध घालावा, जमीन पिकाला येईपर्यंत सारा माफ. बापाचं नाव होतं, आजाचं नव्हतं. तरी दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सहा झाले. रूथकाकीने हिरव्या शाईच्या पेनने नाव टिपून घेतलं.

दुसरा कागद वाचताना गुरुजी मध्येच थांबले. पुढच्या ओळी मनात वाचून गेले. मग दादांकडे बघून म्हणाले, “काशिनाथराव, मोठ्याने वाचू ना?”

“वाचा की.”

कागद जोमाने म्हातारपणी गावासमोर लिहून दिलेला होता. गुरुजींनी त्यातलं आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं. जोमाला मूलबाळ नव्हतं. बांधाचं काम चाललं होतं तेव्हा दुष्काळामुळे रोह्याकडून माणसं मजुरीला आली होती, त्यांत एक बाई होती. तिच्या कडेवर पोर होतं. ते झोळीत ठेवून ती माती वाही. पुढे एका मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली, पाणी आत घुसलं, आणि जमलेली माणसं जीव घेऊन पळाली. ही बाई पळाली नाही. ती खांडीच्या तोंडाशी उभी राहून माती टाकत राहिली. तिला बघून मग चारजण परत फिरले, दहाजण फिरले, आणि बांध वाचला. पण शेवटी कड सुटली तिच्यासकट. ती सापडली नाही. झोळीतलं पोर जोमाने घरी नेलं. त्याचं नाव राघो. हाच माझा वारस, याच्यावर माझ्या भावाच्या मुलांनी हक्क सांगू नये, असं जोमाने लिहिलं होतं.

“आणि बाईचं नाव?” मी विचारलं.

गुरुजींनी कागद पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला. “नाव नाही. ‘रोह्याकडील बाई’ एवढंच आहे.”

दादा समोरच्या वालांकडे बघत होते. रूथकाकी पेन उघडून माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, काय लिहिलंय? मी लगेच उत्तर दिलं. मी म्हटलं, जोमाने म्हातारपणी आपली जमीन आपल्या मुलाला, राघोला दिली, त्याचा हा कागद आहे. एका श्वासात, न अडखळता. इतकं सफाईदार इंग्रजी मी त्याआधी कधी बोलले नव्हते. तिने आनंदाने मान हलवली आणि जोमाखाली एक रेघ ओढून राघो लिहिलं. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी येत होतं. दादांनाही कामापुरतं येत होतं, पंधरा वर्षं ते साहेबांच्या हाताखाली होते. ‘सन’, म्हणजे मुलगा, हा शब्द त्यांना कळला नसेल असं नाही.

परतीच्या वाटेवर रूथकाकी खिडकीशी बसली. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा तिने आमच्यासाठी शेंगा घेतल्या. त्या दादांनी हातात धरल्या आणि पेण येईपर्यंत तशाच धरून ठेवल्या.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस घरात कोणीच धड नव्हतं. दादांनी आईला सांगितलं, आईने गावी जाऊन आत्याला. आत्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने पेणला आली आणि दारातूनच सुरू झाली. “मी बोललेली ना तुला? जलला तो कागद! हलद-कुकू लावून ठेवलेला तोच बरा होता. आता पांडूला कललं तर काय करशील?” पांडूतात्या म्हणजे जोमाच्या भावाच्या वंशातले, दादांचे भाऊबंद. नारळाचा मान आपल्या घरात यावा म्हणून त्यांच्या दोन पिढ्या कुरकुरत होत्या. त्यांना हे कळलं असतं तर आम्ही कोण ठरणार होतो, हे सांगायची गरज नव्हती. आईने बाजू घेतली ती अशी : “कागद नळीत ठेवा. आपल्याला ठाव नव्हता तसा समजा.” दादा कामावरून यायचे, जेवायचे, आणि चपला घालून कारखान्यासमोरच्या रस्त्यावर फेऱ्या मारायचे. कारखान्यातली माणसं काम थांबवून विचारत, काशिनाथशेट, काही हरवलंय का?

मला वाटत होतं मी शहाणपणा केला. घराची लाज राखली. तरीही पुस्तक उघडलं की अक्षरं जागेवर राहत नव्हती. त्यातच रूथकाकीने एक मोठा जाड कागद आणला आणि आमची वंशावळ मराठीत सुंदर अक्षरात लिहून दे असं मला सांगितलं, तिला ती घरी भिंतीवर लावायची होती. मी जोमा लिहिलं. रेघ ओढायला पट्टी धरली आणि परत खाली ठेवली. तेव्हा ती शेजारी बसून आपल्या फायलीतल्या चौकटी नीट करत होती. सहज बोलावं तसं ती बोलली. तिच्या घराण्याची एक छापील वंशावळ आधीपासून होती, तिच्या कोणा आजेचुलतीने केलेली. तिच्यात नॅथॅनिएल मोठा जमीनदार, स्वतःच्या खर्चाने आलेला. प्रत्यक्षात तो करारावर विकला गेलेला नोकर होता, सात वर्षं दुसऱ्याच्या शेतात राबला. ज्या जमिनीवर तो पुढे मालक झाला ती आधी कोणाची होती, तिथून कोणाला हाकललं, हे तर कोणीच लिहून ठेवलं नाही. त्याच्या बायकोच्या चौकटीत नुसती रेघ होती. “आजेचुलतीला त्याची लाज वाटली असणार,” ती म्हणाली. “पण तिचं ते एक खोटं नाहीसं करायला माझी चार वर्षं गेली.”

मी उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आता माझ्या मुलीच्या वयाची पोरं डबीत थुंकी भरून पोस्टाने प्रयोगशाळेला पाठवतात आणि आपण कुठले ते विचारतात. मला ते बघून नेहमी वाटतं की थुंकी बिचारी खोटं बोलत नाही, बोलतो तो मधला माणूस.

दुसऱ्या दिवशी दादांची सकाळपाळी होती. मी त्यांचा डबा घेऊन कंपनीच्या बसथांब्यापर्यंत गेले आणि म्हटलं, “दादा, त्या दिवशी मी काकीला चुकीचं सांगितलं.”

“ठाव हाय मना.”

“तुमच्यासाठी सांगितलं.”

त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. “माझ्यासाठी नाय गो,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. “तुझ्यासाठी. तुला माती वाहनारी बाय नको होती.” बस आली, ते चढले.

माघी पुनवेला आम्ही सगळे गावी होतो. दुपारी उधाणाचं पाणी बांधाला लागलं होतं, उघाडीच्या फळ्यांवर चुबुक चुबुक वाजत होतं. बायकांनी भाताच्या लोंब्या आणि फुलं आणली होती, पोरं बांधावरून ओरडत पळत होती. रूथकाकीने आईची नऊवारी नेसली होती आणि गळ्यात कॅमेरा. गावच्या पंचाने नेहमीप्रमाणे हाक दिली, “जोमा शिलोत्र्याच्या घरचा कोन हाय?” दादा नारळ घेऊन पुढे झाले आणि फोडण्याऐवजी तो छातीशी धरून उभे राहिले. मग त्यांनी गावाला सगळं सांगितलं. झोळी, माती, खांड. माझ्या वडिलांना भाषण करता येत नसे. ते अडखळत होते, मागचं पुढे सांगत होते. “मी जोमाचा नाय,” शेवटी ते म्हणाले. “मी त्या बायचा.”

मग पांडूतात्या पुढे आले. “म्हंजे मान आमचा ना, काशिनाथ?”

“तुमचाच. घ्या.”

“नाय द्यायचा!” आत्या मागून ओरडली, पण दादांनी नारळ पांडूतात्यांच्या हातात दिला होता. पांडूतात्यांनी तो फोडला, मात्र पहिल्या फटक्यात फुटला नाही. दादा तिथून सरळ रूथकाकीसमोर येऊन उभे राहिले. कंपनीत शिकलेले शब्द त्यांनी एकेक करून तिच्यापुढे ठेवले. “राघो. मदर. कॅरी मड. डेड. नो नेम.” आणि बांधाच्या ज्या भागात जुनी खांड बुजवलेली दिसे आणि दगड वेगळे होते तिथे बोट दाखवलं.

रूथकाकीने माझ्याकडे पाहिलं. “हे खरं आहे?”

मी हो म्हटलं. त्या दिवशी खोटं सांगितलं हेही म्हटलं. तिने कॅमेऱ्याचं झाकण लावलं आणि ती बांधावरून एकटीच दूरपर्यंत चालत गेली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला आजवर मिळालेल्या शिक्षांत ती सगळ्यांत जड होती. तिसऱ्या दिवशी तिने नवा जाड कागद माझ्यासमोर ठेवला, पट्टी दिली आणि शेजारी बसली. सगळ्यांत वरची चौकट मी मोठी काढली आणि तिच्यात लिहिलं, रोह्याकडील बाई.

गावाने आम्हाला वाळीत टाकलं नाही, पण लग्नाकार्यात पुढे बोलवायचं बंद झालं. आत्या दादांशी वर्षभर बोलली नाही. नारळ आजही पांडूतात्यांच्या घरचाच. दादांना मात्र वेगळंच वेड लागलं. सुट्टी आली की ते रोह्याच्या पलीकडच्या गावांतून हिंडू लागले. देवळाच्या पारावर, चावडीवर, जिथे म्हातारं माणूस दिसेल तिथे विचारायचं : तुमच्या घरातली कोणी बाई फार पूर्वी, दुष्काळात, पोर घेऊन खारेपाटात गेली आणि परत आली नाही, असं काही ऐकलंय? बहुतेक लोक त्यांना खुळा समजत. मी कधी कधी बरोबर जायचे. मला त्यांना एकट्याने हिंडू द्यायचं नव्हतं.

एकदा कोलाडच्या पुढे आतल्या एका गावात एक म्हातारी अंगणात वाल सोलत होती. दादांनी तिला सगळं सांगितलं. तिने सोलणं थांबवलं नाही. “आमच्यातल्या मोप बाया गेल्या तिकडं,” ती म्हणाली. “कुनाकुनाची नावं सांगू? परत कोन आली नाय.” मग तिने सुनेला हाक मारून दोन ताटं वाढायला सांगितली. आम्ही नको नको म्हणत होतो. बिरडं, भात, वर कच्चा कांदा. जेवताना ती समोर बसून दादांच्या तोंडाकडे निरखून बघत होती. निघताना तिने विचारलं, “तू कुनाचा रे? नाव काय?”

“काशिनाथ,” दादा म्हणाले. “हितल्याच एका बायचा.”

म्हातारीने त्यांच्या गालावरून हात फिरवला. “मग लय उशीर केलास रे बाबा यायला.”